बाथरूममध्ये वाढलेलं वाचनालय

बेकरीवाल्याने चादरीचं टोक वर केलं, आत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात अंडं आहे का?"

*

सोसायटीच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांवर अख्खं पान आहे. कुत्रा, मांजर, पोपट, कासव. पण जे भुंकत नाही, हलत नाही आणि तरी रोज थोडं थोडं मोठं होतं, त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

*

वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाल्यापासून एका मतावर ठाम आहेत. जगात जे काही बिघडतं ते ओलीमुळे. भिंती, बिजागऱ्या, संसार.

*

मामाच्या फरशीच्या दुकानात फक्त चौकोनी माल असतो. गिऱ्हाइकाने गोल काही मागितलं की मामा समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतो. तिथे टायर मिळतात.

*

रोज दुसऱ्याच्या घरी आंघोळीला जाणाऱ्या बापाचं घरात कोणी ऐकत नाही.

*

दारावर चिकटवलेला कागद: दार उघडू नये. आत इमारत वाढत आहे.

*

आता हे सगळं एका दोरीत ओवायचं तर लाजाळूपासून सुरुवात करावी लागेल.

शीट १: जागेची पाहणी

लाजाळू हे तिचं नाव नव्हे, आणि स्वभाव तर नव्हेच नव्हे. वास्तुकलेच्या कॉलेजात तिला हे नाव पडलं ते एका इमारतीमुळे. लाजाळूच्या पानांवरून तिने अशा बाल्कन्या काढल्या होत्या, की त्यांवर भार पडला की त्या अलगद मिटून भिंतीला चिकटतील.

"भार म्हणजे माणूस?" काटकोनसरांनी विचारलं होतं.

"हो सर."

"म्हणजे माणूस बाल्कनीत आला की बाल्कनी मिटणार."

"अलगद, सर."

"आणि माणूस?"

"तो मुद्दा पुढच्या टप्प्यात घेतलाय, सर."

पुढचा टप्पा आला नाही. सरांनी तिला नापास केलं. त्याआधी मुंग्यांच्या वारुळावरून तिने एक वसतिगृह केलं होतं. त्या नकाशावर सरांनी मुख्य दारापाशी पेन्सिल टेकवली आणि स्वयंपाकघर शोधायला निघाले. चहा आला, कप परत गेले, तरी पेन्सिल आतच होती.

काटकोनसर वाईट नव्हते. त्यांचा काटकोनावर विश्वास होता, इतकंच. चष्मासुद्धा ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवत.

"निसर्गात सरळ रेष नसते, सर," लाजाळू त्यांना सांगे.

"निसर्गात संडासही नसतो. तरी तुझ्या नकाशात तो कुठे आहे, तेवढं दाखव."

तर विषय होता सार्वजनिक वाचनालय आणि संधी होती शेवटची. घरी बाबांनी जाहीर केलं, "या खेपेला नापास झालीस तर कॉलेज बंद. मामाच्या दुकानात बसायचं आणि फरश्या दाखवायच्या."

"शिक्षा असल्यासारखं काय बोलता? माझ्या भावाच्या दुकानाला काय झालंय?" आई म्हणाली.

"काही नाही. म्हणून तर पाठवतोय."

लाजाळूच्या डोळ्यांसमोर फरश्यांचे गठ्ठे आले. चौकोनाशेजारी चौकोन, त्याशेजारी चौकोन, मरेपर्यंत. दुसरी कोणी असती तर तिने त्याच संध्याकाळी पुठ्ठा आणून एक सभ्य, चौकोनी वाचनालय कापायला घेतलं असतं. लाजाळूने जेवताना घोषणा केली, "या वेळी मी मॉडेल बनवणारच नाही."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"मी ते उगवणार आहे."

शीट २: पाया

कल्पना साधी होती, म्हणजे लाजाळूच्या मते साधी होती. लाकडाचा भुसा घ्यायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, त्यात अळंबीचं बियाणं मिसळायचं आणि ते सगळं साच्यात दाबून भरायचं. बुरशीचे पांढरे धागे भुशात पसरतात, कण न् कण धरून ठेवतात. मग साचा काढून घ्यायचा आणि भट्टीत भाजायचं. बुरशी मरते, वाढ थांबते आणि हाती उरते ती हलकी, टणक भिंत. सिमेंट नको, खिळा नको.

"आणि वाचनालयाला बुरशी लावायची," बाबा म्हणाले. "पुस्तकांना लागते ती पुरत नाही म्हणून."

"ही वेगळी, बाबा. ही शिकलेली बुरशी आहे."

बुरशीला अंधार लागतो, ऊब लागते आणि दमट हवा लागते. घरात तिन्ही गोष्टी मिळतील अशी एकच जागा होती. तिथे गरम पाण्याची टाकी होती, खिडकी नव्हती आणि बाबा रोज सकाळी तिथे भसाड्या आवाजात गात. लाजाळूने टाकीखाली फळी टाकली, फळीवर साचा ठेवला, दारावर कागद चिकटवला.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, त्यांच्याकडेच राहत असे. तिने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि भावाला हाक मारली. "तुझी लेक बाथरूममध्ये काय वाढवतेय, विचारलंस का?"

"वाचनालय."

"मग आंघोळ कुठे करायची?"

हा प्रश्न निसर्गप्रेरित वास्तुकलेने अजून सोडवलेला नाही.

शीट ३: रद्द

(या शीटवर लाजाळूने सोसायटीतल्या सर्वांना बुरशीचं महत्त्व पटवून देणारं चित्र काढलं होतं. ते सूचनाफलकावर लावलं. त्यावरून पुढे जे झालं ते पाहता हे शीट नसतं तर बरं झालं असतं.)

शीट ४: पाणीपुरवठा आणि निचरा

आंघोळीची सोय वरच्या काकांनी केली. त्याचं भाडं ते सल्ल्यात वसूल करत. बाबा आत शिरले की काका दाराबाहेर खुर्ची ओढून बसत.

"तुमचा मूळ प्रश्न बुरशी नाही. ओल आहे."

आतून तांब्याचा आवाज.

"मुलांना लहानपणी ओलीत खेळू दिलं की पुढे असं होतं. ऐकताय ना? साबण डावीकडच्या कोनाड्यात आहे. तिला एकदा माझ्याकडे पाठवा. मी डांबराचा थर सुचवीन."

"मुलीला?" आतून बाबा.

"भिंतीला हो."

आई संध्याकाळी जाई, तेव्हा विषय गच्चीवरच्या गळतीचा असे. आत्याने मात्र वर जायला साफ नकार दिला. ती स्वयंपाकघरात पडदा लावून बादलीत भागवू लागली आणि येता-जाता बंद दाराकडे असा कटाक्ष टाके, की आत त्याच्या जागी कोणी माणूस असता तर शरमेने बाहेर आला असता. "मी त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही," तिने सांगून टाकलं.

तोंड बघण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. सुरुवातीला भुसा नुसता भुसाच राहिला. लाजाळू रोज दार किलकिलं करून आत नाक घाली आणि तोऱ्यात बाहेर येई. "पायाचं काम चालू आहे. दिसत नसतं ते."

मग एका सकाळी कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी भिंती पांढऱ्या झाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी छत. बुरशी अशी काही कामाला लागली, की आजवर कुठल्याही कंत्राटदाराने एवढी घाई केली नसेल. वाचनालय साच्यातून वर आलं, साच्याच्या कडांवरून बाहेर वाकलं. वाचनकक्षाचा घुमट गरगरीत फुगला. लाजाळूने आनंदाने टाळ्या पिटल्या आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की नकाशा चुकलाय.

मॉडेल एकास पन्नास प्रमाणात हवं, हा कॉलेजचा नियम. साचा बरोबर एकास पन्नास होता. पण इमारत साच्याला जुमानत नव्हती. घुमट आता एकास पंचेचाळीस होता, बालविभाग एकास अठ्ठेचाळीस, आणि शौचालय, ज्यावर सरांचा सगळा जीव, ते दोन्ही बाजूंच्या भिंती जाड होऊन जवळजवळ बुजलं होतं.

बाकीची मुलं नकाशाबरहुकूम मॉडेल करत होती. लाजाळू रोज पट्टी घेऊन बाथरूममध्ये जाई, इमारत कुठवर आली ते मोजे आणि बाहेर येऊन नकाशा खोडे. आपल्या नकाशाला इतकं वाकवणारी इमारत जगात दुसरी नसेल, याचा तिला अभिमानच वाटत होता. अभिमान आणि खोडरबर दोन्ही झिजत होते, पण रबर जास्त.

शीट ५: परवानग्या

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. सूचनाफलकावरचं चित्र त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या बाथरूमच्या छतावर एक डाग होता. डाग जुना होता, त्याला कारण नव्हतं. आता कारण मिळालं.

ते दोन सभासद घेऊन तपासणीला आले. सेक्रेटरींनी दारावरचा कागद मोठ्याने वाचला. "आत इमारत वाढत आहे. हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो," लाजाळू म्हणाली. कबुली देताना तिची मान ताठ होती.

"म्हणजे सदनिकेत वाढीव बांधकाम. परवानगी?"

"काका, बांधकाम नाही ते. वाढ आहे."

"वाढीलाच परवानगी लागते. बांधकामाचं नंतर बघू."

बाबा मध्ये पडले. "अहो, एवढंसं आहे. बघा तरी."

दार उघडलं. एका सभासदाने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्याने वाकून घुमटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुस्तकं कुठल्या बाजूला?" तो वाचणारा माणूस असावा. सेक्रेटरींनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि निकाल दिला. रविवारपर्यंत इमारत जागेवरून हलली पाहिजे. अन्यथा पाणी बंद.

"आमच्या बाथरूमचं?" आत्याने आतून विचारलं. "करा की. कोण जातंय तिथे!"

पण पाणी अख्ख्या घराचं बंद होणार होतं. त्यामुळे इमारत भाजणं भाग होतं.

शीट ६: भट्टी

घरातल्या ओव्हनमध्ये फार तर वाचनालयाचा जिना मावला असता. म्हणून नाक्यावरची बेकरी. बाबा आणि लाजाळूने मॉडेल एका लांब फळीवर ठेवलं, धूळ बसू नये म्हणून पांढरी चादर पांघरली, पुढून बाबांनी धरलं, मागून तिने, आणि दोघं सावकाश रस्त्याने निघाले.

लोक बाजूला झाले. एका सायकलवाल्याने उतरून सायकल धरली. पानाच्या ठेल्यावरचा रेडिओ बंद झाला. एक म्हातारे गृहस्थ बाबांच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "कोण?"

"वाचनालय," बाबा म्हणाले.

म्हाताऱ्यांनी सुस्कारा सोडला. "जायचंच होतं. कोणी वाचतंय कुठे आता."

बेकरीवाल्याने अंड्याचा प्रश्न विचारला तो इथे. यात अंडं नाही, दूध नाही, यीस्टही नाही, पण यीस्टच्या नात्यातलं काहीतरी आहे, हे ऐकल्यावर त्याला आपलेपणा वाटला असावा. "पाव काढून झालेत. भट्टी गरम आहे. घाला," तो म्हणाला. "पण खायचं नसेल तर भाजता कशाला?"

"मारायला," लाजाळू म्हणाली.

तो एक पाऊल मागे सरकला, पण भट्टीचं दार त्याने उघडलं.

प्रवेशद्वार, बालविभाग आणि शौचालय असलेली अर्धी बाजू आत गेली. उरलेली अर्धी भट्टीबाहेर, लाजाळूच्या हातांवर. बराच वेळ भाजल्यावर मॉडेल बाहेर काढलं, फिरवलं आणि दुसरी बाजू लावली. घुमट भट्टीच्या तोंडाला अडला. नकाशातला घुमट आरामात गेला असता. वाढलेला जाईना.

"वरून कापा थोडा," बेकरीवाल्याने सुरी पुढे केली.

"निसर्गाला कापत नाहीत," लाजाळू म्हणाली.

"मग आम्ही पाव कापतो ते काय?"

स्वाभिमान दुखावला की ती नुसती वर पाही. वर बेकरीचं छत होतं, काजळीने काळं झालेलं, आणि त्यात तिच्या बाजूने काही नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली. उरलेली बाजू घरी गॅलरीत उन्हात वाळवायची. जंगलात कुठे भट्ट्या असतात? ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर मॉडेल मांडायला, अजून आठवडा होता. ऊन भरपूर होतं.

मॉडेल गॅलरीत चादरीखाली गेलं. बाबा आपल्या बाथरूममध्ये परतले आणि पहिल्याच सकाळी इतक्या मोठ्याने गायले, की वरून काकांनी पाइपवर ठोकून विचारलं, काही फुटलं का? लाजाळू मात्र सकाळी कॉलेजात जाई ती थेट अंधार पडल्यावर परते. शीटं पुन्हा काढायची होती. चादर उचलून बघायला तिला फुरसत नव्हती आणि गरजही वाटत नव्हती. वाळत घातलेली वस्तू वाळतेच, असा तिचा हिशेब होता.

शीट ७: ज्युरी

सकाळी बाबांनी चादरीसकट मॉडेल खोक्यात बांधून कॉलेजच्या फाटकापर्यंत आणून दिलं. फाटकाआत परीक्षा विभागाचा कारकून बसला होता.

"मॉडेल परीक्षार्थीने स्वतःच्या हाताने केलंय, असं सांगावं लागेल."

लाजाळूला खोटं बोलायची सवय नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती, कारण तिला आपलं सगळंच बरोबर वाटे. "साचा मी केला. मॉडेल बुरशीने."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "बुरशी याच कॉलेजची का?"

"नाही."

"मग बाहेरची मदत झाली."

"तुम्ही डबा आणता ना? पोळी फुगते ती तुमच्या घरचे फुगवतात, का आपोआप फुगते?"

कारकुनाने मान उंच करून पाहिलं. मागे रांग वाढत होती. "जा," तो म्हणाला. "पण तिला सांग, पुढच्या वेळी आधी कळवायचं."

ज्युरीत काटकोनसर होते आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम, ज्या आयुष्यभर पूल बांधून आता परीक्षा घेत होत्या. लाजाळूने खोकं उघडलं, दोन बोटांत चादर धरली आणि जादूगाराच्या थाटात ओढली.

घुमटावर अळंब्या उगवल्या होत्या.

एकदोन नव्हेत, झुबके. घुमटातून, खिडक्यांतून, वाचनकक्षाच्या मागच्या दारातून गुबगुबीत फिक्या छत्र्या बाहेर डोकावत होत्या, जणू आत सभा चालू आहे आणि जागा पुरत नाहीये. भाजलेली बाजू होती तशी तपकिरी, टणक, रेषेत. जिवंत बाजू तिच्यावर येऊन रेलली होती.

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं. लाजाळूला एका क्षणात मामाचं दुकान दिसलं, फरशीवर फरशी.

"हे काय?" काटकोनसर.

"छतावरचा बगीचा," असं तिच्या तोंडून सहज निघालं असतं. निघालंही होतं जवळजवळ. पण मॅडमनी आधी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

साधा प्रश्न होता. लाजाळूने मॉडेलकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"नाही," ती म्हणाली. "ही मरायला हवी होती. भट्टीत अर्धीच मावली. घुमट नकाशापेक्षा मोठा झाला होता आणि मला कापवला नाही. उन्हात वाळेल असं वाटलं. का नाही वाळली, कळत नाही. पण कुठली बाजू मेलीय आणि कुठली जिवंत आहे, ते मी इंचाइंचाने सांगू शकते."

"सांग."

"सांगण्यापेक्षा दाखवते." आणि तिने चपला काढल्या, मॉडेल जमिनीवर ठेवलं आणि ती स्वतःच्या वाचनालयावर चढली.

उजवा पाय बालविभागावर. काही झालं नाही. छत कुरकुरलंही नाही. काटकोनसर खुर्चीतून अर्धे उठले.

"हे भाजलेलं," लाजाळू म्हणाली. "माझा निम्मा भार आत्ता या भिंतींवर आहे. भिंत अंगठ्याएवढी जाड. आत लाकडाचा भुसा आणि धागे, बाकी काही नाही." मग तिने डावा पाय घुमटावर ठेवला. "आणि हे जिवंत."

डावा पाय सावकाश आत जाऊ लागला. फस्स असा आवाज आला. जंगलाचा वास सुटला. लाजाळू एका बाजूला कलली, पण बोलायची थांबली नाही.

"जिवंत बुरशी ओली असते, म्हणून दबते. भाजली की ती..." घोटा आत गेला. "...भाजली की ती कोरडी होते, म्हणून उभी राहते. माझी चूक बुरशीत नाही सर, भट्टीच्या तोंडात आहे. इमारत एकसंध वाढवायला नको होती. भट्टीत मावतील एवढे तुकडे वाढवायचे, भाजायचे आणि मग जोडायचे. म्हणजे विटा." आपण काय बोललो ते तिला आवडलं नव्हतं. "चौकोनी असल्या तरी चालतील."

काटकोनसर उठून जवळ आले. त्यांनी खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला, जो ते पेनासारखा जवळ बाळगत, आणि गुडघ्यावर बसून तिच्या उजव्या पायाखालच्या भिंतीला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग वर न पाहता म्हणाले, "हलली नाही."

"खाली उतर," मॅडम म्हणाल्या. "पाय निघतोय का?"

"निघेल. दोन मिनिटं."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. "तुमच्याकडे पास व्हायला किती लागतात?"

"निम्मे मार्क."

मॅडमनी तपकिरी अर्ध्याकडे पाहिलं, मग अळंब्या आलेल्या अर्ध्याकडे. "मग बरोबर आहे की. निम्मं वाचनालय उभं आहे."

सरांनी चष्मा काढला, टेबलाच्या कडेला समांतर ठेवला आणि मार्क लिहिले. निम्मे. एक जास्त नाही, एक कमी नाही.

शीट ८

बाबांनी मामाला फोन करून दुकानातली जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितली. आईला थोडं वाईट वाटलं. काकांनी निकाल ऐकून विचारलं, की उरलेले निम्मे ओलीमुळेच गेले ना? सेक्रेटरींच्या छतावरचा डाग आहे तिथेच आहे. लाजाळू घरभर मिरवत होती आणि ज्याला त्याला सांगत होती, की तेवढी ती घुमटाची बाजू उन्हात का वाळली नाही, हे कोडं सुटलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

ज्युरीच्या आधीचा अख्खा आठवडा आत्या रोज सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना चादर उचलून घुमटावरही झारी धरत होती.